ह्यांचा खोकला आणि तेजूच्या पेशी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर खोटारडे म्हणत आले. शाळा चौथीपर्यंतच, पण डोकं ठिकाणावर आहे. तरी हे लिहिते आहे...

आम्ही कामोठ्यात तळमजल्यावर राहतो. आमचे हे तळोज्याला केमिकल कंपनीत होते. फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. पण त्यानंतरही दुपारी मी चहा गाळला, की बाल्कनीतून ह्यांचा खोकला यायचा — आधी तुटक, मग लांबलचक. नात तेजूनेही ऐकला होता.

"पाइपातली हवा असेल, आजी."

"हवा कसली? मेला तरी चहा सुटत नाय त्याला!"

भीती नव्हती वाटत. सोबत वाटायची.

तेजू लॅबमध्ये झाडपाल्याचे अर्क काढते आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींवर घालून बघते. एकही अर्क लागू पडेना. प्रोजेक्ट बंद व्हायची वेळ आली, तेव्हा ती ह्यांनी कुंपणाशी लावलेल्या अडुळशाची पानं मागायला आली.

"उद्या तोड. आज झाडाला सांगू दे."

उरणला माझ्या माहेरी औषधाच्या झाडाला आदल्या संध्याकाळी तांदूळ वाहून आवतण देतात. कोण आजारी आहे त्याचं नाव सांगतात. विश्वास वगैरे काही नाही, सवय.

"पेशी कोनाच्या हायत?" मी विचारलं.

"तो माणूस कधीच गेला गं. पेशी तेवढ्या आम्ही वाढवतो. नाव कुणाला ठाऊक!"

बिननावाचं आवतण कसं द्यायचं? मी ह्यांचं नाव घेतलं. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच.

काही दिवसांनी भरदुपारी तिचा फोन आला. "आजी, पेशी मेल्या! अडुळसा घातलेल्या सगळ्या!"

"म्हंजे औषध गावलं?"

"नाही गं, प्लेटमध्ये मेल्या म्हणजे माणूस बरा होतो असं नाही. पण प्रोजेक्ट वाचला!" पोरगी रडत होती.

फोन ठेवून मी चहा गाळला. बाल्कनी गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प... त्या दिवसापासून खोकला नाहीच.

तेजूला सांगितलं. तिने मला नुसतं घट्ट धरलं. मग हळूच म्हणाली, "प्रयोग परत करायचाय. पानं देशील?"

संध्याकाळी तांदूळ घेऊन झाडापाशी गेले. ह्यांचं नाव तोंडाशी आलं... आणि गिळलं. सुटलेल्या माणसाला परत कशाला आजारी म्हणायचं? "ज्या कुणाच्या पेशी असतील त्याच्यासाठी दे," म्हटलं.

त्या पानांचं काय झालं, ते अजून कळायचं आहे. खोकला का थांबला, ते तेजूच्या लॅबमधल्या मॅडमनाही सांगता येत नाही. मला तर नाहीच. एवढंच कळतं, की घर फार मोठं झालंय.