उभं कापायचं

रसमड्याच्या एका कारखान्याच्या गेटवर मी पत्रकं वाटत होते, तेव्हा वसंतकाकांच्या मुलाचा फोन आला. "दीदी, पापा नहीं रहे." घरात मराठी बोलणारा हा मुलगा तेवढं हिंदीत बोलला. उरलेली पत्रकं वाटली आणि मग कोहक्याला त्यांच्या घरी गेले. काम अर्धं टाकून आलेलं काकांना आवडलं नसतं.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे, स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. नोकरीभर त्यांचं काम खनिजाच्या ढिगाशी. वेगवेगळ्या खाणींचा माल थरावर थर पसरायचा, आणि उचलताना वरवरचा न उचलता ढीग उभा कापायचा, म्हणजे प्रत्येक थर थोडा थोडा हाती येतो. जेवायचेही तसेच. भात, त्यावर वरण, त्यावर तूप... काका कडेला बोटं उभी रोवून थेट तळापासून घास घ्यायचे.

गेल्या वर्षी रसमड्याच्या त्या कारखान्यातल्या ठेका कामगारांसाठी मी निवेदन लिहिलं. पहिल्याच ओळीत 'सामाजिक स्तरीकरण'.

"हे कोनाले समजन?" काकांनी विचारलं.

"थर, काका. वर कायम कामगार, खाली ठेक्याचे. तुम्ही वरच्या थरातले."

"असन बापा. पन तू विचारलं कोनाले?"

"टपरीवर. सगळ्यांना."

"टपरीवर बाया येते?"

"नाही."

"मंग वरवरचंच उचलून आनलं तू. असं सँपल आमच्या लॅबवाल्यानं फेकून देलं असतं."

राग आला. पण दुसऱ्या दिवशी झाडूवाल्या बायकांना जाऊन भेटले. त्या पाळीभर पाणीच पीत नाहीत, कारण त्यांच्यासाठी संडास नाही. माझ्या निवेदनात पगार होता, हेल्मेट होतं, संडास नव्हता. थरांवर भाषणं ठोकणारी मी, मलाच खालचा थर दिसला नव्हता. निवेदन फाडलं. नव्यात पहिली मागणी संडासाची. स्तरीकरण गेलं.

काकांनी ते चष्मा लावून वाचलं. "आता बराबर कापलं."

निवेदन अजून 'विचाराधीन' आहे. एक संडास बांधायला कसला विचार लागतो, हे मला कोणी सांगितलेलं नाही. काका दर भेटीत विचारायचे, "झाला का?" आता ते विचारणारं कोणी नाही. बायका मात्र अजून तहानलेल्याच कामावर जातात.

तेरवीला त्या झाडूवाल्या बायकांतल्या सुमनबाई आल्या होत्या. भिंतीशी उभ्या होत्या, काकूंनी हात धरून माझ्या शेजारी पंगतीत बसवलं. भात आला, वरण आलं, तूप आलं. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या ताटाकडे बघत छत्तीसगढीत विचारलं, अशी का जेवतेस?

खाली पाहिलं. माझी बोटं कडेला उभी रोवलेली होती, ताटाच्या तळाला टेकलेली.