कातळावरचं रूम टेंपरेचर

हातातोंडाशी आलेला घास आपणच उकिरड्यावर भिरकावून देणारा आमच्या साडूंसारखा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात शोधून सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आयुष्य घालवलं आणि निवृत्त होऊन कसालला कौलारू घरात येऊन राहिले. डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण ओळखणारी चकती बनवायची, हा त्यांचा एकमेव ध्यास. भल्याभल्या चकत्या म्हणे सतत थंडगार ठेवाव्या लागतात. जरा तापल्या की स्वतःच्याच उष्णतेने बरळायला लागतात. साडूंची चकती शिसं आणि सेलेनियमच्या पातळ थराची, रूम टेंपरेचरला चालणारी. इथवर ठीक आहे. पण ‘रूम टेंपरेचर’ हे शब्द दुसऱ्या कुणी उच्चारले, की यांचं पित्त खवळलंच!

“खंयच्या रूमचां? साहेबाच्या एसीतल्या?” असं ते भर सभेत विचारणार. खिशात कायम थर्मामीटर. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आधी वधूपित्याला मांडवाचं तापमान ऐकवणार. बँकेतल्या मॅनेजरच्या केबिनमध्ये थर्मामीटर काढून त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं, “तुमची ही खोली खोटी आहे.” घरात एसी नाही ते नाही, प्रयोग चालू असताना पंखासुद्धा बंद, आणि तेही वैशाखात! आक्का, म्हणजे माझी मेहुणी, घामोळ्यांनी बेजार. एकदा तिला जरा गारवा मिळावा म्हणून दोघांना आंबोलीला नेलं, तर हा गृहस्थ “हंय सगळां थंड, तपासूक काय्येक गावचां नाय” म्हणत पुढच्या एसटीने परत. आता बोला!

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण गेल्या वणव्यात माझी काजूची बाग जळाली. आग आधी झाडांखालच्या वाळक्या पानांच्या पातेऱ्यात गुपचूप धुमसते. ज्वाळा दिसेपर्यंत सगळा खेळ आटोपलेला असतो. साडू तेव्हा माझ्याशेजारी उभे होते. मग त्यांनी ती चकती बसवलेली एक पेटी बनवली. पातेरा धुमसला की घंटा वाजायची. प्रयोगशाळाही अशा पेट्या करून बागांमध्ये लावायला तयार झाली. अट एकच, पेटी भर उन्हात चालली पाहिजे.

पुण्याहून दोन शास्त्रज्ञ आले. बागेलगतच्या कातळावर भर दुपारी चाचणी. साडूंनी पातेऱ्यात नारळाच्या सालीचं पेटतं सोडण सरकवलं आणि घंटा खणखणीत वाजली. “सर, याच मोसमात पेट्या लावू या,” थोरले शास्त्रज्ञ म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात साडूंनी पेटीचं बूड चाचपलं, झाकण उघडलं, आणि आतून ओलं फडकं बाहेर काढलं. आक्काचं काम! उन्हाळ्यात पाण्याच्या मडक्याला गुंडाळतो तसं तिने पेटीच्या पोटाला गुंडाळलं होतं. बिचारी तापेल म्हणून.

माणसाने गप्प राहावं की नाही? पाहुण्यांना कुठे काय दिसलं होतं? पण नाही! “ही चाचणी रद्द. हे मडक्याचं टेंपरेचर आहे,” साडू गरजले आणि फडकं फेकून पेटी पुन्हा उन्हात मांडली. थोड्याच वेळात समोर आगीचं नाव नसताना घंटा वाजायला लागली, ती थांबेचना. पाहुणे घाम पुसत “पुढे बघू” म्हणाले आणि गाडीचा एसी लावून निघून गेले.

मी तोंडाला येईल ते बोललो. “अहो, फडक्यासकट चालत होती ना? मग तुमच्या बापाचं काय जात होतं?”

साडू शांतपणे पेटी पुसत होते. “तू घराक जेवूक गेलंस, तर ओलो फडको कोण बदलतलो रे? मगे घंटा खोटी वाजतली. दोनदा खोटी वाजली, की तिसऱ्या खेपेक तू धावचस नाय. आणि आग त्याच खेपेक खरी आसली तर?”

यंदा मी नवी कलमं लावली आहेत. उन्हं तापली की साडू राखणीला माझ्याबरोबर येतात आणि कपाळावर हाताचा आडोसा धरून पातेऱ्याकडे टक लावून बसतात. त्या म्हाताऱ्या डोळ्यांना धूर तरी दिसतो की नाही, देव जाणे. माझा राग अजून गेलेला नाही, मी त्यांच्याशी धड बोलतही नाही. पाण्याचा तांब्या तेवढा आधी त्यांच्यापुढे सरकवतो.