रोटाची परात

मी औषध जगण्यासाठी घेतलं नाही, थोरल्या जावेच्या नाकावर टिच्चून घेतलं. धुळ्याच्या डॉक्टरांना वाटतं, बाई फार शिस्तीची आहे.

लग्नानंतर लवकरच पोटात कळा सुरू झाल्या, रक्त पडू लागलं. साक्रीत आतड्याचा टीबी ठरला आणि अक्कानं, म्हणजे जावेनं, माझं ताट-तांब्या वेगळं केलं. गोळ्यांनी उतार पडेना. धुळ्यात दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा कळलं की टीबी नाहीच, क्रोन्स आहे, आतड्याला सूज आणि जखमा करणारा आजार. डॉक्टर म्हणाले, ''हा आजार जात नाही, पण झोपवून ठेवता येतो. आणि कुणाला लागत नाही.''

मी घरी येऊन तसंच सांगितलं. श्रावणात घरी कानबाई, आमची खानदेशातली कुळाची देवी, बसली. तिच्या नैवेद्याच्या रोटाचं, जाड पोळीचं, पीठ मळायला बसले, तर अक्कानं भाऊबंदांसमोर माझ्या पुढची परात ओढून घेतली.

''हाई बिमारी दुसराले लागस. रोटले हात लावू नको.''

नवरा खाली बघत राहिला. त्याचंही मी विसरले नाही, पण खरा दात अक्कावर.

पुढे इंजेक्शनं सुरू झाली. कळा थांबल्या, अंग भरलं. अक्का म्हणायची, ''बरं वाटस ना? मंग सुया कसाले टोचस?'' बरं वाटलं की औषध सोडायचं, ही आमच्याकडची रीतच. मी सोडलं नाही. सुई टोचताना दरवेळी तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचे. रक्त, शौच, दुर्बीण, एकही तपासणी चुकवली नाही. ऑपरेशनची वेळ आली नाही. मुलगी झाली, धडधाकट. यंदा डॉक्टरांनी पडद्यावर आतडं दाखवलं: जखमा भरलेल्या. मला डॉक्टरांपेक्षा अक्काला ते दाखवावंसं वाटलं.

कानबाईच्या सणाच्या तोंडावर अक्का ओट्यावरून घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. घरात तिसरी सून नाही. परात माझ्याकडे आली. सगळे रोट मीच केले.

कानबाईचा रोट भाऊबंदांनीच खायचा आणि पानात पडल्यावर नको म्हणायचं नाही. अक्काच्या पानात मी हातानंच वाढला, सगळ्यांदेखत. ती प्लास्टरकडे बघत बसली. डाव्या हातानं देवीचं कसं खाणार?

मी घास मोडला आणि तिच्या तोंडाशी नेला.

''अक्का, हाऊ रोट मना हातना शे.''

तिनं कानबाईकडे पाहिलं, भाऊबंदांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मला तिची जराही दया आली नाही. दुसरा घास मी मोठा मोडला.