महिना भरायच्या आत दुसरी नोकरी

मी खरं बोलले ते कुणालाच पटलं नाही, आणि खोटं बोलले ते लातूरपासून मुखेडपर्यंत सगळ्यांना पटलं! आता बोला. चौथी शिकलेली बाई इंटरव्ह्यूला जाते, तेबी नवी नोकरी धरून महिना भरला नाही तवर, हे कुणी मानायलाच तयार नाही. माझा सख्खा भाऊ म्हणला, "अक्का, पोळ्या लाटणारीला कसला आलाय इंटरव्ह्यू?"

असतो बाबा. आम्ही तिघीजणी, मी, सुनंदा आणि रुक्मिणबाई, तवा लातूरला क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये स्वयंपाकाला होतो. दुपारी पोरं जेवून गेली की मागच्या दारात शेंगा निवडत बसायचो. एकीनं अशी एक गोष्ट काढली की दुसरीची तयारच असायची. खरकट्या ताटांसारखं आहे ते. वरचं एक उचलावं तर खाली चार!

*

लातूरची नोकरी मी धरली ती खोलीसाठी. माझी पल्लवी एकोणीस वर्षांची. तिचा बाप गेल्यापासून ती मुखेडला माझ्या भावाकडं आहे. तिला नर्सिंगला जायचंय. लातूर चालंल, नांदेड चालंल, पण पोरीनं राहायचं कुठं? मी तर आजवर दुसऱ्याच्या ओसरीत पथारी टाकत आले.

मेसच्या मालकाला आम्ही सर म्हणतो. त्यांनी जन्मात कुणाला शिकवलं नाही, पण लातुरात ज्याच्या दारात पोरं येतात तो सर! सरांनी कबूल केलं, "काकू, मागची खोली तुमची. पोरीला खुशाल आणा."

पहिल्या दिवशी खोली उघडली. आढ्यापर्यंत कांदा!

"चार दिवसांत निघतो, काकू."

चार दिवसांत निघाला. पाचव्या दिवशी बटाटा आला.

*

सहाव्या दिवशी मी सुनंदाला म्हणलं, "दुसरीकडं बघते."

ती फिदीफिदी हसली. "अगं, तुझ्या आधार कार्डाचं झेरॉक्स अजून सरांच्या खिशात हाय, आन् तू निघालीस बी?"

आमच्यात इंटरव्ह्यू म्हणजे ट्रायल. प्रश्न कमी, कणीक जास्त. बस स्टँडाकडं एका मेसवर पाटी होती, 'स्वयंपाकीण पाहिजे, राहण्याची सोय'. रुक्मिणबाईला माझी भट्टी सांभाळायला लावून मी सकाळच्या जेवणाला तिथं गेले. त्यांनी शंभर पोरांच्या पोळ्या लाटून घेतल्या. मालक म्हणले, "हात चांगला हाय मावशी. फोन करतो."

फोन काही आला नाही. मला वाटलं, आपली पोळी जाड झाली असंल. त्या विचारानं जेवण गोड लागेना.

मग एका दुपारी सुनंदाच्या तोंडून निघालं की तीबी तिथं ट्रायल देऊन आली. तिलाबी सांगितलं होतं, "हात चांगला हाय." रुक्मिणबाई खाली मान घालून शेंगा निवडतच राहिली.

"काहो रुक्मिणबाई?"

"मीबी जाऊन आले मंगळवारी," ती म्हणली. "हात चांगला हाय म्हणले."

म्हणजे ती मेस ट्रायलवरच चालून राहिली होती! रोज नवी बाई, रोज ताज्या पोळ्या. मी भांडायला गेले. मालक हात जोडून म्हणले, "मावशी, आईशप्पथ, आम्ही बाई शोधूनच राहिलो."

मी पाटीकडं नीट बघितलं. पहिल्या खेपेला ध्यानात आलं नव्हतं. पक्क्या ऑइलपेंटनं रंगवलेली, आणि वरून ट्यूबलाइट लावलेली!

*

रुक्मिणबाईचा इंटरव्ह्यू तर मोबाइलवर झाला. पुण्यातल्या कुणाच्या घरी जेवणा-राहण्यासकट काम होतं. ते म्हणले, व्हिडिओवर पोळी करून दाखवा. आता वेगळी चूल कुठून आणायची? ती आमच्याच भट्टीवर, आमच्याच कणकेची पोळी दाखवायला लागली. मोबाइल सुनंदानं धरला. पोळी टम्म फुगली. तिकडची बाई खूश.

तेवढ्यात तिनं विचारलं, "तुमच्या मागं कोण उभं आहे?"

मागं सर! वरण चाखायला हातात वाटी घेऊन आलेले. कधी आले, किती ऐकलं, देव जाणे. ते मोबाइलसमोर वाकले आणि अदबीनं म्हणले, "मॅडम, बाई गुणाची हाय, फक्त मीठ लई पडतं. आमची पोरं बेजार हायत."

तिकडून फोन कट.

सरांनी वरणाची वाटी तोंडाला लावली. "रुक्मिणबाई, एक नंबर झालंय. वाढा आता!"

रुक्मिणबाईनं वाढलं. पोरं चाटूनपुसून जेवली. ती मात्र त्या दिवशी जेवली नाही.

*

मला नांदेडचा निरोप आला. मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात बाई पाहिजे होती, आणि खोली द्यायची होती. इंटरव्ह्यू गुरुवारी. आता सरांकडं सुट्टी कशी मागायची?

"कुणी मेल्याचं सांगू नको," सुनंदा म्हणली. "सर माणुसकीचे हायत, दहाव्याला येतेत. रुक्मिणबाईनं मागं सासू मारली, आन् त्याच सासूनं सरांना च्या करून दिला!"

"मग काय सांगू?"

"पोरीला बघायला पाहुणे येणार म्हण. त्याला लातुरात कुणी न्हाई म्हणत न्हाई."

खरंच होतं. सर एवढे खूश झाले, की मला शरम वाटली. सुट्टी दिली, वर पेढ्याचा पुडा दिला. म्हणले, "काकू, पोरगं निर्व्यसनी बघा."

तो पुडा घेऊन मी नांदेडला इंटरव्ह्यूला बसले. टेबलामागं एक मॅडम, दोन साहेब.

मॅडम म्हणल्या, "तुमच्यातली एखादी कमतरता सांगा."

म्हणलं, "मी कशाला सांगू? माझ्या सासूला फोन लावा, ती फुकट सांगंल."

एक साहेब म्हणले, "आत्ताची नोकरी किती दिवस झाली?"

"महिना भरायचाय अजून."

"म्हणजे इथनंबी अशाच पळून जाल?"

म्हणलं, "साहेब, खोलीत कांदा भरला न्हाई तर मरेपर्यंत हलत न्हाई!"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मॅडम पदराआड हसल्या आणि म्हणल्या, "यांना खोली दाखवा."

लोखंडी खाट, एक खिडकी, आतून कडी. आत एकबी पोतं नाही. दोघींना पुरणारी खोली! "एक तारखेला हजर व्हा," म्हणले. नोकरी धरून महिना भरला नव्हता, आणि मला दुसरी लागली होती. पेढे मी तिथल्या शिपायापासून मॅडमपर्यंत वाटले. दोन पल्लवीसाठी ठेवले आणि तशीच मुखेडची एस.टी. धरली.

*

आता हे शेवटचं. हे सांगितलं की सुनंदासुद्धा हसत नाही.

सरांची बायको मुखेडकडची, माझ्या भावजयीच्या ओळखीची. सुट्टीचं ऐकून तिनं बुधवारीच तिला फोन केला होता, "अभिनंदन, पाहुणे कुठले?" भावजय गोंधळली. भावाला वाटलं, अक्कानं आपल्याला न विचारता स्थळ ठरवलं. त्याचा मान दुखावला. मामा कमी पडला असं गावानं म्हणू नये म्हणून त्यानं रातोरात कंधारचं एक स्थळ उभं केलं आणि गुरुवारीच बोलवलं.

मी दारात पोचले तर ओसरीत सतरंजी, सहा माणसं, पोह्याच्या बशा. पाटावर माझी पल्लवी, भावजयीच्या साडीत.

"ये अक्का, तुझीच वाट बघून राहिलो," भाऊ म्हणला.

पांढऱ्या मिशांचे एक पाहुणे तिला विचारत होते, "नाव काय? शिक्षण किती? स्वयंपाक येतो का? पोळ्या किती माणसांच्या लाटशील?"

मला राहवलं नाही. म्हणलं, "दादा, उठा. हे सगळं खोटं हाय. मला नांदेडला इंटरव्ह्यूला जायचं व्हतं म्हणून मी सरांना पाहुण्याचं सांगितलं. पोरीला लग्न करायचं न्हाई, नर्सिंग करायचंय. खोलीबी मिळाली."

मग पांढऱ्या मिशा म्हणल्या, "ताई, महिन्याच्या आत लागलेली नोकरी सोडतंय का कुणी? आम्हाला काय येडं समजल्या? पोरीची काय भानगड असंल ती सरळ सांगा."

"पोरीचं काय न्हाई! खोटं मी बोलले, मी!" मी ओरडून सांगितलं.

पाहुणे उठले. जाताना पायरीवर एकजण दुसऱ्याला म्हणला, "आई एवढी वरडती म्हणजे कायतरी हायच." ते गल्लीतल्या चार दारांनी ऐकलं.

मी म्हणलं, "पल्लवे, कपडे भर. आत्ताच निघू."

ती पाटावरून उठली. आतून साडी बदलून आली आणि खरकट्या बशा गोळा करायला लागली. म्हणली, "न्हाई आई. आज तुझ्यासंगं गेले तर ते म्हणले ते खरं व्हईल."

ओढून नेली असती. ओढता येईना.

एक तारखेला मी नांदेडला एकटीच हजर झाले. मुखेडला मात्र चूक कुणाची, हे चालूच होतं. भाऊ म्हणला, भावजयीची, फोनवरचं अर्धंच ऐकलं. भावजय म्हणली, सरांच्या बायकोची. सरांच्या बायकोनं सुनंदाचं नाव घेतलं, सुनंदानं माझं. मी तर सुट्टी काढून गेले आणि भर गल्लीत उभी राहून बोंबलले, "चूक माझी हाय, माझी!" एक खिडकी उघडली नाही. पुढच्या आठवडी बाजारापर्यंत बाकी सगळे सुटले आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव राहिलं: पल्लवी.