पालकाचा रकाना

"मासळी मागच्या दाराने."

कॉलेजच्या फाटकावरचा पट्टेवाला माझ्याकडे धड न बघताच बोलला. त्या दिवशी माझ्या डोक्यावर टोपली नव्हती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसले होते, नवी चोळी, केसांत अबोलीची वेणी. शेजारी माझा पोरगा उभा होता. धुतलेलं धोतर, काळी टोपी, हातात मॅट्रिक पास झाल्याचा कागद. मी दोन्ही हात पुढे करून पट्टेवाल्याला दाखवले. बघ बाबा, रिकामे आहेत.

"मग उद्या आण," तो म्हणाला. "सुरमई असली तर साहेबाला हवी आहे."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. पट्टेवाल्याला काही वाटलं नाही. त्याने आम्हाला आत सोडलं, ते पोराने इंग्रजीत दोन वाक्यं टाकली म्हणून. इंग्रजी ऐकल्यावर उठून उभा राहिला मेला.

हे मी सांगते आहे आणि माझा पोरगाच लिहून घेतो आहे. मला लिहिता येत नाही. त्याला बजावलं आहे की शब्द बदलायचा नाही आणि मऊ तर अजिबात करायचा नाही. त्या दिवसांत त्याने बरेच शब्द मऊ केले. ते पुढे येईलच.

आम्ही माझगावच्या कोळीवाड्यातले. माझा नवरा तांडेल आहे. होडीवर त्याच्या हाताखाली सात गडी असतात आणि वाऱ्यातही त्याचा आवाज शेवटच्या गड्यापर्यंत पोचतो. पण होडी किनाऱ्याला लागली की त्याचं काम संपलं. तिथून पुढचं सगळं माझं. मासळी विकायची मी, भांडायचं मी, होडीसाठी लाकूड बघायचं मी, मुलीला नवरा बघायचा तोही मीच. आमच्यात बायकाच हे करतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. म्हणून पोराच्या मास्तरांनी घरी येऊन सांगितलं, "ह्याला कॉलेजात घाला, दोन-तीन ठिकाणं बघा आणि मग ठरवा," तेव्हा मला आनंदच झाला. बघून ठरवायचं म्हणजे माझंच काम. नवऱ्याला बरोबर न्यावं असं मनातही आलं नाही. ही माझी चूक. असली चूक कोळणीच करू जाणे.

आत एक कारकून बसला होता. पोराने कागद पुढे केला. कारकुनाने तो वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

"पालक कोण?"

"मी," मी म्हणाले. "मी हाय त्याची आई. काय इचाराचं त्ये मना इचारा."

तो शेजारच्या कारकुनाकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलला. दोघं हसले. मी पोराला विचारलं, "काय बोलला रे त्यो?"

"काय नाय आये. जागा भरल्या म्हनतो."

मी बाजारात वाढलेली बाई. कोणतं हसणं मासळीच्या भावावर आहे आणि कोणतं माझ्यावर, ते मला न शिकता कळतं. पण पोराचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. तो नेमकं काय बोलला होता ते पोराने काल, हे लिहायला बसल्यावर सांगितलं. "आता हिच्या टोपलीलाही बाकावर जागा द्यायची का?" असं बोलला होता. एवढा जुनाट विनोद, आणि त्यासाठी इंग्रजी शिकले.

दुसऱ्या कॉलेजात गोरा प्रोफेसर भेटला. हा गोड होता. त्याने मला खुर्ची दिली. कुठल्याही कचेरीत मला खुर्ची मिळाली ती तेवढीच, म्हणून सांगते. मोडक्यातोडक्या मराठीत त्याने विचारलं, होडी किती मोठी, नवस कोणत्या देवाला करता, अंगावरचं सोनं खरं का. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, माणूस घरची चौकशी करतो आहे, पोराची चौकशी आता करील. तर म्हणाला, "बाय, तू टोपली आनशील? डोकीवर ठेवून उभी राहशील? फोटो काढणार. मडमसाहेब विलायतला पाठवणार."

माझ्या पोराला त्याने एक प्रश्न विचारला नाही. काय वाचतोस, काय आवडतं, गणित येतं का, काही नाही. पोरगा भिंतीला टेकून उभा, आणि हा माझ्या नाकातली नथ बघतो आहे. अर्ज ठेवून जा म्हणाला. मी खुर्चीवरून उठले आणि अर्ज उचलून घेऊन आले. ज्याला पोरगा दिसत नाही, त्याला अर्ज काय दिसणार?

आता तिसरं. हे आपल्या लोकांनी काढलेलं. देशी गृहस्थांचं कॉलेज, देशी मास्तर. भिंतीवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. पोराने वाचून दाखवलं की विद्या सर्वांसाठी आहे. मला हायसं वाटलं. त्याहून हायसं वाटलं ते हेडक्लार्कला बघून, कारण तो माझ्या ओळखीचा निघाला. गिरगावात ह्या भाऊसाहेबांच्या घरी मी नऊ वर्षं मासळी घालत होते. मासे खाणारं घर. बायको बिचारी साधी, पण मासळी निवडायला हे स्वतः येत. पंचा नेसून माझ्या टोपलीवर वाकत, कल्ले उचलून बघत, बोट लावून वास घेत. "काल जरा शिळं होतं हो," असं म्हणून एक बांगडा फुकट उचलत.

तेच भाऊसाहेब. डोक्याला पागोटं, अंगात कोट. मी दारात दिसले आणि त्यांनी खिशातला रुमाल काढून नाकाला लावला.

मी न्हाऊन आले होते हो. अबोलीला तर वासच नसतो. अंगाला वास असलाच तर नव्या साबणाचा.

त्यांनी ओळख दाखवली नाही. पोराचे मार्क बघितले तेव्हा मात्र रुमाल खाली आला. मार्क चांगले होते. म्हणाले, "बाईमाणूस पालक म्हणून चालत नाही. बाप जिवंत आहे ना? त्याला आण."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला नेलं. होडी बाहेर काढायचा दिवस होता, तो बुडवला. कमरेला कोळ्याचा नेहमीचा तिकोनी रुमाल, डोक्याला लाल टोपी, आणि वर शेजाऱ्याकडून मागून आणलेला कोट. पाय उघडे. आमच्यात सगळ्यांचेच असतात. त्या कचेरीत मात्र जो तो पायांकडेच बघत होता. व्हरांड्यातले विद्यार्थी खिडकीशी जमले.

"नाव काय? धंदा काय? मुलाला कोणता विषय देणार?" भाऊसाहेबांनी एका दमात विचारलं.

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. खरं होतं तेच बोलला.

"हिला इचारा."

खिडकीत हशा पिकला. भाऊसाहेबही हसले. माझा तांडेल त्या खोलीच्या मधोमध, दुसऱ्याच्या कोटात, हात कुठे ठेवावे ते न कळून उभा होता. मला त्याची लाज वाटली. हो, वाटली. पोरा, हेही लिही. सतरा-अठरा वर्षं ज्याच्या जिवासाठी मी रोज किनाऱ्यावर उभी राहिले, त्याची मला त्या कुरतडलेल्या पेन्सिली वापरणाऱ्या लोकांपुढे लाज वाटली. त्या लाजेसाठी मी भाऊसाहेबांना कधी माफ करणार नाही, आणि स्वतःलाही नाही.

हसणं संपल्यावर भाऊसाहेबांनी आम्हाला जवळ बोलावलं. आवाज खाली आणला. एकदम घरचे झाले.

"मुलगा हुशार आहे," ते म्हणाले. "वाया जाऊ नये असं मलाही वाटतं. तुम्हा दोघांना प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे उभं करणं शक्य नाही. माझं ऐका. पालक म्हणून मी सही करतो. मुलगा माझ्या घरी राहील. पाणी भरेल, बाजार करील, मुलांना शाळेत पोचवील, उरलेल्या वेळात अभ्यास. तुम्ही इकडे फिरकायचं नाही. भेटायचं झालं तर, कोळणी, तू मासळी घेऊन येतेसच."

मी काय केलं सांगू? मी मान हलवली. हो म्हणाले. मनात म्हटलं, पाणी भरल्याने हात झिजत नाहीत. पोरगा वकील होईल. ह्याच माणसाच्या पुढे कोर्टात उभा राहील. एवढ्यासाठी मी रुमालही गिळला आणि हसणंही गिळलं. भाऊसाहेबांनी फॉर्म पोरापुढे सरकवला, टाक हातात दिला आणि रकाने दाखवायला लागले. नाव इथे. वय इथे. मग बोट एका जागी थांबलं.

"इथे बापापुढे 'मयत' लिही."

पोराने वर बघितलं.

"अरे, बाप हयात असला तर दुसरा पालक घेत नाहीत. नियम आहे. एक शब्द तर लिहायचा आहे. लिही, मयत."

मला तो शब्द कळला. मर्तिकाच्या दाखल्यावर असतो, कोळीवाड्यातल्या प्रत्येक बाईला कळतो. माझा सासरा समुद्रातून परत आला नाही. तेव्हापासून, होडी बाहेर असली की माझी सासू मला 'मेल्या' ही शिवीसुद्धा तोंडातून काढू देत नसे. आणि हा माणूस, नऊ वर्षं माझ्या नवऱ्याने धरलेले मासे खाऊन गुबगुबीत झालेला, माझ्या नवऱ्याच्या तोंडावर सांगतो आहे की ह्याला मेला म्हणून लिही.

दाखले आणायला आम्ही बायकाच जातो, म्हणून माझ्या माणसाला तो शब्द कळला नव्हता. नवऱ्याने विचारलं, "काय लिवायला सांगतान?"

 ह्या वेळी "काय नाय" म्हणणं पोराला जमलं नाही. शेवटी त्याने खाली बघत सांगितलं.

माझा नवरा एक पाऊल पुढे आला. मग पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "लिव रे पोऱ्या. कागदावं मेल्यानं कोन मरतंय? तुजं काम व्हतंय ना? लिव."

"बघ," भाऊसाहेब मला म्हणाले, "शहाणा आहे तुझा माणूस."

बस. तिथे माझं डोकं फिरलं. नवऱ्याने ते म्हटलं ते पोरासाठी. छातीवर दगड ठेवून म्हटलं. आणि ह्या माणसाने त्याला शाबासकी दिली, बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी. तोपर्यंत मला वाटत होतं की ही मोठी माणसं, शिकलेली, आपल्याला रीत ठाऊक नाही, आपणच खाली बघावं. त्या एका शाबासकीने माझी नजर साफ झाली. समोर बसलेला माणूस मला जसा होता तसा दिसला. मार्क चांगले बघून फुकटचा घरगडी पटकावणारा कारकून. पागोटं काढलं तर मागे काही उरलं नसतं.

मी पोराच्या हातातला टाक काढून घेतला. आवाज खाली ठेवला नाही.

"भाऊसाहेब, तुमी माज्या टोपलीतली मासली कल्ले उचलून बघता. ताजी का शिली, त्ये तुमाला बरोबर कलतं. ह्यो मानूस जिता हाय. नीट बघा. तुमाला मासा कलतो आनि मानूस कलत नाय?"

खिडकीत कोणी हसलं नाही. भाऊसाहेब लालबुंद झाले. "ए कोळणी, ही कचेरी आहे, बाजार नाही."

"बाजारात असली लबाडी केली तर बाया टोपली डोक्यात घालतान," मी म्हणाले. मग टाक पोराला परत दिला. "लिव. बापाचं नाव सगलं लिव. तांडेल लिव. आनि म्होरं लिव, जिता हाय."

पोराने लिहिलं. अक्षर सुरेख आलं. बापाचं पूर्ण नाव, धंदा तांडेल, हयात. भाऊसाहेबांनी आमच्या देखत त्यावर तांबड्या शाईची तिरकी रेघ मारली आणि फॉर्म कचऱ्याच्या टोपलीत टाकला. आम्ही तिघं बाहेर पडलो. फाटकापाशी नवऱ्याने तो उसना कोट काढून खांद्यावर टाकला, आणि मला एकदम तो ओळखीचा वाटायला लागला.

ट्रामपर्यंत पोरगा रडत होता. "आये, माजं वरीस ग्येलं."

गेलं. खोटं कशाला सांगू? त्या टर्मला त्याला कुठेच जागा मिळाली नाही. त्याच्या वर्गातली, त्याच्याहून कमी मार्कांची मुलं कॉलेजात गेली. ती आता पुस्तकं घेऊन आमच्या बाजूने जातात तेव्हा हा फाटलेलं जाळं सांधत बसलेला असतो आणि तोंड फिरवतो.  कोळीवाड्यातली शहाणी माणसं येऊन सांगतात, एक शब्द होता, लिहून टाकायचा. पोराच्या मास्तरांनीही सांगितलं की जरा नमतं घ्यायला हवं होतं. मास्तर चांगले आहेत. पण त्यांना अजून कोणी मेले म्हणून लिहायला सांगितलेलं नाही.

भाऊसाहेबांच्या घरी मी मासळी घालणं बंद केलं. मी बंद केलं म्हणून माझ्या ओळखीच्या सगळ्या बायांनी केलं. बायको एकदा स्वतः बाजारात आली, माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माझा काय गं दोष?" तिचा नव्हता. तिला मी दोन पापलेटं दिली आणि सांगितलं की ही तू खा, त्यांना घालू नकोस. तिने काय केलं मला माहीत नाही.

लोक विचारतात, एवढं करून मिळवलंस काय? तीन कॉलेजं बघितली, हे मिळवलं. एकाला माझ्या डोक्यावरची टोपली दिसली, नसताना. एकाला नथ दिसली. एकाला घरगडी दिसला. असल्या लोकांपुढे हात जोडून मी उभी होते, ह्याचंच आता मला हसू येतं. ते पोराची परीक्षा घेत नव्हते. त्यांना ती घेताच येत नाही.

नवी टर्म लागेल तेव्हा आम्ही तिघं पुन्हा निघणार आहोत. नवरा कोणाचा कोट मागणार नाही. बोलणार मीच. मुंबईतली कॉलेजं संपली तर पुण्याला जाऊ, आणि तिथेही नाही म्हणाले तर त्यांच्या पायरीवर बसून पुढचं गाव विचारू. फॉर्म पोरगा भरील आणि बापाचा रकाना सगळ्यात आधी भरील. ज्या कागदावर त्याचा बाप जिवंत राहील, त्याच कागदावर तो स्वतःचं नाव घालील. तसा कागद ज्यांच्याकडे नाही, त्यांच्याकडे माझ्या पोराने शिकण्यासारखं काहीही नाही.