सुई न लावलेलं पोतं

आमच्या ह्यांचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता असं नाही. त्यांचा कोणावरच नव्हता. कारंजा घाडग्यात आमची धान्याची अडत. हे सकाळी घराबाहेर पडायचे ते हातात परखी घेऊनच. परखी म्हणजे टोकदार, पोकळ लोखंडी नळी. पोत्यात खुपसली की आतले दाणे तळहातावर येतात. वरून झकास दिसणारा गहू आतून किडका निघू शकतो, म्हणून पोतं टोचल्याशिवाय हे सौदा करत नसत. भाजीवाल्याच्या वांग्यालाही नख लावून बघायचे. मला बघायला आले तेव्हा काय केलं असतं कोणास ठाऊक, सासूबाई सोबत होत्या म्हणून वाचले.

दोन हजार साल नुकतंच उलटून गेलं होतं. पोटात गॅस धरतो म्हणून गावातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली. गॅस राहिला बाजूला, डाव्या किडनीवर गाठ निघाली. "पाण्याची असेल, पण नीट दिसत नाहीये, सीटी स्कॅन करून या," असं ते म्हणाले म्हणे. गाठ हा शब्द कानावर पडल्यावर पुढचं आम्हा दोघांनाही काही ऐकू आलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यासाठी वर्ध्याला गेलो आणि उतरलो बोरगाव मेघ्याला, माझ्या धाकट्या बहिणीकडे. दवाखान्यात तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला गोड. त्यांनी रक्ताचे कागद पाहिले आणि म्हणाल्या, "काका, साखरेमुळे तुमच्या किडन्या जरा दमल्या आहेत. गाठ उठून दिसावी म्हणून नसेतून रंगाचं इंजेक्शन देतात, ते आपण टाळू. साध्या सीटीतही पुष्कळ कळतं. नाहीच कळलं, तर पुढचं बघू."

"म्हंजे सुई लागनार नाई?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. ह्यांचा चेहरा उतरला. मशीनमध्ये जाऊन आले ते मुकाट्याने, आणि रिपोर्ट उद्या मिळेल म्हटल्यावर हुज्जतही घातली नाही.

बहिणीकडे गेल्यावर तर त्यांचा संतच झाला. जेवायला कारल्याची भाजी होती, ती मागून घेतली. बहिणीला म्हणाले, "मोठ्या बहिनीवानी सुगरन हाय तू." बहीण माझ्याकडे बघायला लागली, मी ताटाकडे. जेवणं झाल्यावर अंगणातल्या खाटेवर मी त्यांना गाठलं.

"काय झालं तुमाले?"

"सुई काऊन नाई लावली, कयलं का तुले?"

"किडनी दमली म्हनून."

"तसं सांगा लागते पेशंटले. सडलेल्या पोत्याले कोन परखी लावते? वास आला का बाजूले सारून द्याचं. मले बाजूले सारलं त्याईनं."

मी कधी शब्द खाली पडू देणारी बाई नव्हे. पण वास मारणारी पोती ह्यांनी न टोचता बाजूला सारलेली मी स्वतः पाहिली होती. मी घाबरले. आणि त्यातच हे हळूच म्हणाले, "तू आली तवापासून आपल्या घरात बरकत हाय. कधी बोललो नाई तुले."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं कान लावून बसले होते! आणि आता वाटलं, ह्यांनी ते परत गिळावं. "गप बसा," मी म्हणाले, "अन् कारल्याले नावं ठेवा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर धरली आणि एका गोल, करड्या डागावर पेन ठेवलं. "मशीन प्रत्येक जागेला घट्टपणाचा आकडा देते, काका. पाण्याचा शून्याच्या आसपास असतो. तुमची गाठ या कडेपासून त्या कडेपर्यंत पाण्याइतकीच आहे, भिंतही कागदासारखी पातळ. साधी पाण्याची गाठ. काही करायचं नाही."

"न टोचता कयलं?"

"भिंत जाड असती, आत काही वेगळं दिसलं असतं, तर त्या सुईचा विचार करावाच लागला असता."

"म्हंजे सुई तुमी खराब मालाले लावता?"

"ज्याचा संशय येतो, त्याला."

"उलटाच बाजार हाय हा," हे म्हणाले. मग खुर्चीवरून उठता उठता, "आता आलोच हावो, तर एक डाव टोचूनच पाहा ना."

"पाण्यात टोचून काय निघणार, काका? पाणीच." त्या हसल्या. मीही हसले, जरा जास्तच मोठ्याने, आणि मग पदर तोंडाला लावावा लागला.

परतीच्या एसटीत ह्यांनी कंडक्टरशी वाद घातला, ड्रायव्हरच्या चालवण्याला नावं ठेवली, बहिणीचं कारलं कडू होतं हेही सांगून टाकलं. माणूस ठणठणीत होता. मग मलाही जुनी खोड आठवली.

"काल ते बरकतीचं बोलले," मी म्हणाले, "ते मरून राह्यलो असं वाटलं म्हनून. आता तं तुमी मरत नाई. मंग?"

ह्यांनी खिशातलं तिकीट काढून उलटसुलट करून बघितलं. मला वाटलं, झालं, आता शब्द फिरवतात.

"बोललेला भाव मी कधी फिरोला का?" ते म्हणाले.

मी खिडकीकडे तोंड केलं आणि घर येईपर्यंत वळवलं नाही.