वर सारलेली बाही

प्रयोगशाळेत दिवसभर मी आणि उंदीर. आतड्याच्या सुजेनं रक्तदाब कसा वाढतो, हे शोधताना मी दाब मोजायला त्यांच्या शेपटीला इवलासा पट्टा बांधतो. आज पट्टा टर्रकन सुटला आणि आंजीतलं आमचं अंगण आठवलं.

दाब मोजायचं नवं यंत्र घेऊन मी सुट्टीत घरी गेलो होतो. सगळी आळी दंड पुढे करून बसली होती. आई चहा देत होती. शेवटी तिचा नंबर आला, तोच वर्ध्याची एसटी दिसली.

"माह्यं राहू दे, पुढच्या खेपेले पाहजो. गाडी सुटन," म्हणत तिनं माझी पिशवी हातात दिली.

पुढच्या खेपेआधीच ती हृदयाच्या झटक्यानं गेली.

पिशवी देताना तिच्या पोलक्याची एक बाही वर सारलेली होती. ती बाही मला आत्ता दिसते.